इतिवृत्त मागा, नोटीस वाचा
‘वृक्ष प्राधिकरणाच्या सभेत आपल्याला कोण बसू देणार, झाड पडल्यावरच कळतं,’ असं एकाने म्हटलंय. वृक्ष प्राधिकरण म्हणजे शहरातल्या झाडांचं बघणारी पालिकेची समिती. निम्मं पटतं. पण सभेत बसू दिलं नाही म्हणून सगळे दरवाजे बंद होत नाहीत. माहिती अधिकार कायदा, 2005 मधलं कलम 4(1)(ख) बघा. कोणत्या समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत आणि त्यांची इतिवृत्तं, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदी, लोकांना मिळतात का, हे कार्यालयाने न मागता जाहीर करायचं असतं. केलेलं नसेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

दुसरं म्हणजे, महाराष्ट्रातल्या शहरांत 1975 च्या झाडं जतन कायद्यानुसार तोडीच्या अर्जाची नोटीस पेपरात तर येतेच, शिवाय ती त्या झाडावरही लावावी लागते. आमच्या जुळे सोलापुरातल्या कोपऱ्यावरच्या कडुलिंबावर असा कागद लागला होता, पण खोडाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. इस्त्रीवाल्या मावशींना दिसला म्हणून आम्हाला कळलं. त्याच दिवशी आठ-दहा जणांनी लेखी हरकती दिल्या, पोचही घेतली. प्रत्येकाने झाडाचा फोटो आणि खोडाचा घेर लिहिला होता. शेवटी रस्त्यावर आलेल्या दोन फांद्याच काढल्या, झाड उभं आहे. मे महिन्यात रिक्षावाले अजून त्याच्याच सावलीला थांबतात. तेव्हा आपल्या गल्लीतल्या झाडांभोवती एक चक्कर माराच, मागच्या बाजूनेही बघा.