बॅटरी भरत नाही? आधी वायर तपासा

एकाने विचारलंय की सोलर पॅनेलवर दिवसभर ऊन असूनही १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी का भरत नाही. त्याचा चार्ज कंट्रोलर (पॅनेलचा करंट बॅटरीला बेताने देणारा डबा) पॅनेलपाशी, बॅटरी १० मीटरवर, मध्ये २.५ चौ. मिमी तांब्याची वायर. बॅटरी बदलायची घाई अजिबात करू नका. या वायरचा रोध मीटरला साधारण ०.००७४ ओहम, जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे १० अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट वायरीतच जातो. कंट्रोलरला १४.४ दिसतात तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवर जेमतेम १२.९! बॅटरी भरत आली असं समजून तो करंट कमी करतो. करंट उतरला की फरकही घटतो, पण तोवर ऊन कलतं. रोज अर्धवट चार्ज होऊन बॅटरीतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, आणि तो नंतर सहजी सुटत नाही.

कंट्रोलर बॅटरीपासून मीटरभराच्या आत आणा, लांब वायर पॅनेलच्या बाजूला जाऊ द्या. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीचं पॅनेल १८ व्होल्टच्या आसपास चालतं, तिथे एवढी घट खपते. फ्यूज मात्र बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनललगतच हवा. वायरीच्या दोन्ही टोकांचं व्होल्टेज भर उन्हात, पूर्ण करंट वाहत असतानाच मोजा; रिकाम्या वायरीत फरक दिसतच नाही.