‘अनुकूलन’ म्हणावे की ‘बेतणे’?

प्रश्न (रत्नागिरी) : सर्पदंशावरील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे आमच्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी मराठीत मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हा केवळ अनुवाद नव्हे. केंद्रात काय उपलब्ध आहे आणि आपल्या भागात कोणते साप चावतात हे पाहून मजकुरात फेरफार करायचा आहे. या क्रियेला इंग्रजीत ‘ॲडाप्टेशन’ म्हणतात. ‘रूपांतर’ म्हटले की नाटक आठवते आणि ‘स्थानिकीकरण’ म्हटले की नुसती भाषा बदलल्यासारखे वाटते. आपण कोणता शब्द सुचवाल?

प्रतिसाद (सावंतवाडी) : आधी ‘तत्त्वे’ या शब्दाविषयी. तो आपल्या कानावर राज्यघटनेतील ‘राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे’ यांतून बसला आहे, आणि तत्त्वाला कोणी कात्री लावत नाही. म्हणून दस्तऐवजाला ‘मार्गदर्शिका’ म्हणावे आणि त्यातील प्रत्येक कलमाला ‘शिफारस’. शिफारस तपासता येते, स्वीकारता येते, सकारण बदलताही येते.

मार्गदर्शिका तयार करण्याच्या क्षेत्रात 2017 साली ‘ग्रेड-ॲडोलोपमेंट’ नावाची एक पद्धत मांडली गेली (‘ग्रेड’ म्हणजे शिफारशींमागचा पुरावा तोलण्याची रीत). ‘ॲडोलोपमेंट’ हा जोडशब्द ‘ॲडॉप्शन’, ‘ॲडाप्टेशन’ आणि ‘डेव्हलपमेंट’ या तिघांची मोट बांधून केलेला आहे. मराठीत मला तिन्ही वेगळे ठेवणे सोयीचे वाटते : शिफारस आहे तशी घेतली तर ‘स्वीकार’ (‘दत्तक’ मात्र कृपा करून लिहू नये), बदलून घेतली तर ‘अनुकूलन’, आणि मुळातून तयार केली तर ‘नवनिर्मिती’. आधार नसलेल्या ठिकाणी मुळातून उभे केलेले काम शोधायला कोकणाबाहेर जावे लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडमध्ये विंचूदंशाच्या रुग्णांसाठी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरून उपचाराची जी वाट पाडली, ती कोणाच्या मार्गदर्शिकेचे अनुकूलन नव्हती.

‘अनुकूलन’ शाळेच्या विज्ञानात सजीवांच्या संदर्भात रुळलेला आहे, आणि माझी अडचण तिथेच आहे. वाळवंटातील वनस्पती परिस्थितीनुसार बदलत गेली असे आपण म्हणतो. तिला कोणी बदलले नाही. मार्गदर्शिका मात्र आपोआप बदलत नाही. कोणीतरी बसून ठरवतो की हे ठेवायचे आणि हे बदलायचे. तो ठरवणारा या शब्दात दिसत नाही. व्युत्पत्ती मात्र खाडीकाठच्या माणसाला आवडेल अशी आहे : ‘कूल’ म्हणजे तीर, आणि ‘अनुकूल’ म्हणजे तीराच्या कलाने जाणारे.

म्हणून मजकुरात क्रियापद म्हणून मी ‘बेतणे’ सुचवतो. शिंपी कापड बेततो तेव्हा अंगाचे माप आधी घेतो, खडूने खुणा करतो आणि मगच कात्री लावतो. येथे माप म्हणजे काय, ते दोन उदाहरणांत पाहू. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीतच करावी लागते; प्लास्टिकच्या नळीत तिचा निष्कर्ष भरवशाचा राहत नाही. मी ज्या केंद्रात काही काळ काम केले तेथे कपाटभर प्लास्टिकच्या नळ्या होत्या आणि काचेची एकही नव्हती. अशा ठिकाणी शिफारस बदलायची नसते, तर काचेच्या नळ्या कोठे ठेवायच्या, त्यांचा साठा कोणी मोजायचा, हे शिफारशीखाली लिहायचे असते. दुसरे उदाहरण उलट आहे. भारतात मिळणारी ‘पॉलिव्हॅलंट’ (एकाहून अधिक सापांच्या विषावर चालणारी) प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर तयार केलेली असते. आपल्याकडे फुरसे आहेच, पण झाडाझुडपांत चापडाही आहे, आणि त्याचे विष त्या चौघांत मोडत नाही. येथे मजकुरातच भर घालावी लागेल. ‘अनुकूलन’ हा शब्द या दोन्ही गोष्टींवर एकच पांघरूण घालतो.

प्रश्नकर्ता : विवेचन पटले, पण ‘जिवावर बेतणे’चे काय? सर्पदंशाच्या पुस्तिकेत ‘रुग्णांवर बेतलेली’ असे छापले गेले तर परिचारिका हसतील, किंवा घाबरतील.

प्रतिसाद (सावंतवाडी) : शंका रास्त आहे. फरक प्रत्ययाचा आहे. ‘-वर बेतणे’ हे अकर्मक आणि संकटाचे. ‘-च्या मापाने बेतणे’ हे सकर्मक आणि शिंप्याचे. ‘वर’ टाळला की धोका टळतो. तरीही मुखपृष्ठावर ‘अनुकूलन’च ठेवावे, कारण पत्रव्यवहारात तोच शब्द चालेल, बेतण्याची भाषा आतल्या पानांत असू द्यावी.

प्रश्नकर्ता : मग पहिल्या पानावरील वाक्य असे करतो : ‘ही मार्गदर्शिका तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या मापाने बेतलेली असून, मूळ शिफारस जेथे बदलली आहे तेथे बदल आणि त्याचे कारण त्याच पानावर दिले आहे.’