ट्रँगल पद्धत आल्यावर जॉर्डनचे असिस्ट कमी का झाले?

प्रश्न

बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचे शिकागो बुल्स या संघातील आकडे मी हंगामवार एका वहीत उतरवून घेत आहे आणि एका जागी अडलो आहे. 1988-89 च्या हंगामात त्याची सरासरी दर सामन्याला 32.5 गुण, 8 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर मिळवलेले चेंडू) आणि 8 असिस्ट (ज्यावर साथीदाराने बास्केट केले असे पास) अशी होती. 1989 च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक डग कॉलिन्स यांना दूर करण्यात आले, त्यांचे सहायक फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी टेक्स विंटर यांची ‘ट्रँगल’ आक्रमण-पद्धत संघात आणली. चेंडू एकाच्या हातात अडकून न राहता पाचही जणांत फिरावा, हा तिचा गाभा असल्याचे मी सगळीकडे वाचतो. मग जॉर्डनचे असिस्ट वाढायला हवे होते. प्रत्यक्षात ते 1989-90 मध्ये 6.3 वर आणि ज्या वर्षी बुल्सने पहिले विजेतेपद मिळवले त्या 1990-91 मध्ये 5.5 वर आले.

वाटून खेळण्याच्या पद्धतीत सर्वोत्तम खेळाडूच कमी वाटू लागला, असे हे दिसते. माझ्या वाचण्यात चूक होते आहे का? की त्याची भूमिकाच लहान केली गेली होती? ज्यांनी ते सामने बारकाईने पाहिले आहेत किंवा जे स्वतः शिकवतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आकडे बरोबर आहेत, मात्र असिस्ट हा आकडा काय मोजतो याकडे आधी पाहावे लागेल. बास्केट होण्यापूर्वीचा शेवटचा पास ज्याचा, त्याच्या नावावर असिस्ट लागतो. त्याआधीच्या ज्या दोन-तीन पासांमुळे बचाव विस्कटला, त्यांची नोंद कोठेच होत नाही. 1989 च्या मार्चमध्ये कॉलिन्स यांनी जॉर्डनला पॉइंट गार्ड, म्हणजे हल्ल्याची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, म्हणून खेळवायला सुरुवात केली. चेंडू मध्यरेषेपलीकडे नेण्यापासून शेवटचा पास देण्यापर्यंतचे सगळे काम त्याच्याकडे आले आणि त्या टप्प्यात त्याने 11 सामन्यांत 10 ट्रिपल-डबल (एकाच सामन्यात तीन रकान्यांत दोन अंकी आकडे) केले. तुम्हाला खटकणारी 8 असिस्टची सरासरी काही अंशी त्या आठवड्यांची देणगी आहे. खेळाडू म्हणून ते अद्भुत होते, परंतु त्या वर्षीही बुल्स डेट्रॉइट पिस्टन्सकडून हरले, जसे 1988 मध्ये हरले होते आणि जसे 1990 मध्ये पुन्हा हरणार होते.

पिस्टन्सचा बचाव जॉर्डनभोवतीच आखलेला होता. त्याच्या हातात चेंडू आला की कोणी पुढे यायचे, कोणत्या बाजूला त्याला वळवायचे आणि दुसरा माणूस कधी अंगावर धाडायचा, हे सारे आधी ठरलेले असे. हल्ल्याची सुरुवात जॉर्डनपासूनच होते हे ठाऊक असल्यामुळे हा बचाव बांधता येत होता.

ट्रँगलने नेमकी तीच गोष्ट बदलली. या पद्धतीत कोर्टच्या एका बाजूला तिघे जण त्रिकोण करतात: एक कोपऱ्यात, एक विंगवर (कोर्टच्या कडेला, कोपऱ्याच्या वर) आणि एक बास्केटजवळच्या जागेत, म्हणजे पोस्टमध्ये. उरलेले दोघे दुसरी बाजू सांभाळतात. दोन खेळाडूंमध्ये साधारण 15 ते 18 फुटांचे अंतर राखायचे, म्हणजे एका डिफेंडरला दोघांवर लक्ष ठेवता येत नाही आणि कोणी दुहेरी बचावाला धावलाच, तर त्याने सोडलेला माणूस एका पासाच्या अंतरावर असतो. प्रत्येक वेळी बाकावरून चाल पुकारायची नसते. पोस्टमध्ये पास देण्याची वाट मोकळी असेल तर तेथे द्यायचा आणि देणाऱ्याने लगेच कट करायचा, म्हणजे चेंडूविना झटकन मोकळ्या जागेत धावायचे. वाट अडवलेली असेल तर चेंडू बास्केटपासून दूर उभ्या असलेल्या गार्डकडे जातो, नाही तर दुसऱ्या बाजूला फिरतो. पुढची हालचाल समोरचा बचाव ठरवतो आणि ती पाचही जणांना एकाच क्षणी वाचता यावी लागते. विंटर यांनी तिची मूळ कल्पना 1940 च्या दशकात सॅम बॅरी यांच्याकडून घेतली, कॅन्सस स्टेट विद्यापीठात वर्षानुवर्षे ती घडवली आणि 1985 मध्ये ते बुल्समध्ये आले, तरी जॅक्सन येईपर्यंत तिला तेथे फारसे स्थान मिळाले नव्हते. साठी उलटल्यावर चार वर्षे वाट पाहणाऱ्या त्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

जॉर्डनचे काम यात लहान झाले, असे मला वाटत नाही. 1990-91 मध्येही त्याने सरासरी 31.5 गुण केले आणि गुणांत तोच पहिला होता. त्याने सोडली ती हल्ल्याची सुरुवात. चेंडू जॉन पॅक्सन किंवा स्कॉटी पिपेन हे साथीदार पुढे आणत, तो एक-दोनदा फिरे आणि मग जॉर्डनला मिळे, कधी कट करताना, कधी बास्केटकडे पाठ करून. दुहेरी बचावाला यायला तोवर उशीर झालेला असे. 1988-89 मध्ये तो सरासरी 40.2 मिनिटे खेळत होता, ती 1990-91 मध्ये 37 वर आली, आणि शूटिंगची टक्केवारी 53.9 राहिली. कमी मिनिटांत आणि कमी ओढाताणीत जवळजवळ तेवढेच काम. तुमच्या वहीत पिपेनचा रकाना नसेल तर जरूर आखा: त्या हंगामात संघात सर्वाधिक असिस्ट, 6.2, त्याचे होते. जॉर्डनकडून जे गेले, ते तेथे सापडेल.

प्रतिसाद २

वरील स्पष्टीकरण चांगले आहे, तरीही पद्धतीला इतके श्रेय द्यायला मी तयार नाही. स्कॉटी पिपेन आणि होरेस ग्रँट हे दोघेही 1987 च्या ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, आलेले. 1991 मध्ये ते चौथ्या हंगामात होते आणि नेमके त्याच काळात पिस्टन्सचे मुख्य खेळाडू वयाने उतरणीला लागले होते. 1990 च्या सातव्या सामन्यात पिपेन अर्धशिशीने हैराण होता आणि बुल्स 93-74 असे हरले. तो धडधाकट असता तर एक वर्ष आधीच काय झाले असते, हे कोणाला सांगता येईल? जॉर्डनने चेंडू सोडला, कारण सोडण्याजोगे साथीदार त्याला अखेर मिळाले.

दुसरे असे की, हीच पद्धत इतरत्र नेल्यावर काय झाले तेही पाहावे. जॅक्सन यांचे सहायक जिम क्लेमन्स यांनी 1996-97 मध्ये ती डॅलस मॅव्हरिक्समध्ये नेली आणि त्या संघाने 82 पैकी 24 सामने जिंकले. स्वतः जॅक्सन न्यूयॉर्क निक्सचे अध्यक्ष झाल्यावर तेथेही तिचा आग्रह धरला गेला. 2014-15 मध्ये निक्सचे 17 विजय आणि 65 पराभव झाले. जॉर्डन किंवा लेकर्स संघाचे शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांच्यापैकी कोणीही नसलेल्या संघाने तिच्या जोरावर विजेतेपद मिळवल्याचे एकही उदाहरण नाही.

प्रतिसाद ३

मी शालेय मुलींच्या संघाला शिकवते, त्यामुळे मला हा प्रश्न जॉर्डनपुरता वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या संघातील सर्वांत चपळ मुलीकडून मी चेंडू पुढे आणण्याचे काम काढून घेतले आणि तिला विंगवरून कट करायला लावले. पहिल्या पाच-सहा सामन्यांत तिचे गुण घटले नाहीत, पण असिस्ट जवळजवळ संपले. तिचे वडील वही घेऊन मला भेटायला आले. मुलीचे महत्त्व कमी केले, असे त्यांचे म्हणणे होते. मला त्यांना मैदानाच्या कडेला उभे करून दाखवावे लागले की ती नुसती कोपऱ्याकडे धावली तरी समोरच्या दोन मुली तिच्यामागे ओढल्या जातात आणि मधली जागा रिकामी होते. ती रिकामी जागा कोणत्याच रकान्यात येत नाही. खरे सांगायचे तर पालकांपेक्षा त्या मुलीला समजावणे अवघड होते, कारण हातात चेंडू नसताना आपण खेळत आहोत असे तिला वाटेना. जॉर्डनही सुरुवातीला या पद्धतीविषयी साशंक होता आणि सगळ्यांना समान संधी देणारे आक्रमण अशा शब्दांत तिची संभावना करत असे, हे वाचले तेव्हा मला त्या मुलीचा चेहरा आठवला.

जॅक्सन यांनी त्याला पटवण्यासाठी वापरलेला युक्तिवाद मला शिक्षिका म्हणून फार मोलाचा वाटतो. 1971 मध्ये करीम अब्दुल-जब्बारने गुणांत पहिला क्रमांक आणि विजेतेपद एकाच वर्षी मिळवले. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांत कोणालाही ते जमले नव्हते. एकाच माणसावर बेतलेले आक्रमण शेवटच्या फेऱ्यांत अडवले जाते, हे त्यांना दाखवायचे होते. पुढे जॉर्डनने सहाही विजेतेपदांच्या वर्षी गुणांत पहिला क्रमांक राखला, म्हणजे अपवाद तोच ठरला, पण ते त्याला याच पद्धतीत राहून साधले.

प्रतिसाद २ मधील मुद्द्यांपैकी साथीदारांचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र 1993-94 चा हंगाम त्यात बसत नाही. जॉर्डन निवृत्त होऊन बेसबॉलकडे वळला होता, तरी बुल्सने 55 सामने जिंकले. आदल्या वर्षी त्याच्यासह 57 जिंकले होते. विजेतेपद मिळाले नाही हे खरे, पण जगातील सर्वोत्तम खेळाडू गेल्यावर जो संघ केवळ दोन सामने मागे येतो, त्याला पद्धतीचा आधार होता असेच म्हणावे लागेल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. पिपेनचा रकाना आखला आणि चित्र बदलले. पण वही पुढे नेताना एक नवीनच कोडे समोर आले. 1991 च्या अंतिम मालिकेत लेकर्सविरुद्ध जॉर्डनची सरासरी 31.2 गुण आणि 11.4 असिस्ट अशी आहे. हंगामभर 5.5 आणि शेवटच्या पाच सामन्यांत त्याच्या दुप्पट! तेथे जुनी भूमिका परत आली होती का?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे उत्तर

जुनी भूमिका परत आली नव्हती. 12 जून 1991 चा पाचवा सामना या दृष्टीने पाहावा. शेवटच्या टप्प्यात लेकर्सचे बचावपटू जॉर्डनकडे झुकत होते आणि जॉन पॅक्सन वारंवार मोकळा राहत होता, तरीही जॉर्डन स्वतःच घुसण्याचा प्रयत्न करत होता. विश्रांतीच्या वेळी जॅक्सन यांनी त्याला मोकळा कोण आहे, एवढेच विचारले आणि उत्तर त्याच्याकडून वदवून घेतले. त्यानंतर पॅक्सनने शेवटच्या चार मिनिटांत 10 गुण केले; बुल्स 108-101 असे जिंकले. 1989 च्या वसंतात सगळेच पास देण्याचे काम एकट्या जॉर्डनवर होते. येथे बचावाने दुसरा माणूस धाडला की पास कोठे जायला हवा हे आधीच ठरलेले होते आणि 15 फुटांवर कोणीतरी नेमका त्या जागी उभा असे. आकडा दोन्हीकडे मोठा दिसतो, पण त्यामागचे काम वेगळे आहे.

प्रतिसाद ४

थोडी भर घालतो. 1997 च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात युटा जॅझचा स्टॉकटन जॉर्डनवर दुहेरी बचावाला आला, तेव्हा त्याने सोडलेल्या स्टीव्ह करला पास मिळाला आणि विजयी बास्केट झाले. हेच कर 2014 मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचे प्रशिक्षक झाले. आदल्या हंगामात तो संघ दर सामन्यातील पासांच्या संख्येत लीगमध्ये शेवटचा होता. त्यांनी ट्रँगल जशीच्या तशी उचलली नाही, पण तिच्यातील अंतरे, कट आणि पोस्टमधून पास देणारा खेळाडू हे घटक घेतले आणि स्टीफन करीला चेंडूपासून दूर, स्क्रीनभोवती (बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या साथीदारांभोवती) धावायला लावले. करीची मिनिटे 36.5 वरून 32.7 वर आली, असिस्ट 8.5 वरून 7.7 वर, आणि गुण मात्र 24 वरून 23.8, म्हणजे जवळपास तेवढेच. संघाने 67 सामने आणि विजेतेपद जिंकले, करी त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वहीत जागा असेल तर जॉर्डनच्या 1989 ते 1991 च्या पानासमोर करीचे हे दोन हंगाम उतरवून घ्या.