रात्रीच्या रस्त्याच्या कामाला बिनबाह्यांचं जॅकेट पुरतं का?

रातपाळी:
माझं उत्तर 'नाही'. ताशी ८० किमीने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. चालकाला उमजायला दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३५. एवढ्या अंतरावरून त्याला नुसती चमक नाही, माणूस दिसायला हवा. नुसती बंडी लांबून खांबावरच्या पाटीसारखी दिसते. मनगट, गुडघे, घोटे हलताना दिसले की माणूस लगेच ओळखू येतो. आयएसओ २०४७१ मध्ये (लांबून दिसणाऱ्या कामाच्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक, वर्ग जितका वरचा तितके कपडे जास्त ठळक) वर्ग २ ला फ्लोरोसंट कापड किमान ०.५० चौ. मी. आणि परावर्तक पट्टी ०.१३ लागते, वर्ग ३ ला ०.८० आणि ०.२०, शिवाय पट्ट्यांच्या बाह्या किंवा पूर्ण पँट. रात्री वर्ग ३ च द्या.

कोनांची_रांग:
असहमत. जॅकेटने गाडी थांबत नाही. चालक पेंगत असेल किंवा मोबाइलमध्ये असेल तर वर्ग ३ काय नि ३० काय! आधी लेन बंद करा, वाहतुकीच्या कोनांची (शंकूंची) लांबलचक तिरकी रांग लावा, मागे धक्का झेलणारा ट्रक उभा करा. जॅकेट यादीत शेवटी. आणि उकाड्यात जाड बाह्यांचं जॅकेट दिलं की ते कमरेला बांधलं जातं. त्यापेक्षा नीट बंद केलेली जाळीदार बंडी बरी.

रातपाळी:
@कोनांची_रांग, पहिला कोन मांडणारा आणि शेवटचा उचलणारा कुठल्या रांगेमागे उभा असतो? झेंडेवालाही बाहेरच. उकाड्याचा मुद्दा मान्य, पण मग जाळीदार बंडीखाली पट्ट्यांची पँट द्या. लो बीमचा झोत खालीच पडतो, त्यामुळे लांबून आधी घोटेच उजळतात.

पट्टीमाप:
दोघंही नव्या कपड्यांबद्दल भांडताय. आपण 'रेडियम' म्हणतो ती पट्टी स्वतः उजळत नाही, आलेला प्रकाश आला तिकडेच परत पाठवते. फ्लोरोसंट रंगाला अतिनील किरण लागतात, म्हणून तो दिवसा आणि संध्याकाळी कामाचा. मध्यरात्री भिस्त पट्टीवरच. काचमण्यांची उघडी पट्टी भिजली की पाण्याच्या थरामुळे फिकी पडते. पावसाळी कामाला सीलबंद प्रिझमची घ्या. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर बंद. लेबलवर धुण्याची कमाल संख्या असते, पण ती मोजतो कोण? सोपी तपासणी: अंधारात दहा पावलांवर जुनं आणि नवं जॅकेट शेजारी टांगा, टॉर्च डोळ्याला लागून धरा. टॉर्च छातीशी धरलात तर नवंही मंद वाटेल. जुनं स्पष्ट फिकं दिसलं की बाद.

अजून एक, केशरी यंत्रापुढे केशरी जॅकेट दिवसा मिसळून जातं. तिथे पिवळं-हिरवं.

कोनांची_रांग:
तपासणीला +१. हार्नेसचे पट्टे किंवा पाठीवरची पिशवी पट्टी झाकते, तेही बघा. यंत्राजवळ वेल्क्रोची, ओढली की सुटणारी बंडी हवी, नाहीतर माणूसच आत ओढला जाईल. क्रम मात्र बदलणार नाही: आधी रांग, मग कपडे. पँटचं म्हणाल तर घोट्याची पट्टी तासाभरात चिखल-डांबराने माखते.

रातपाळी:
चिखल ओल्या फडक्याने जातो, पाळीत दोनदा पुसा. डांबर मात्र निघत नाही. ते पट्टीवर बसलं की पँट बदलायची.