विषय: पुन्हा: पुराचे अकरा दिवस – रविवार नको

वहिनी (चिखली):
मास्तर, मंडळाच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. रविवारचं काय ठरलं, ते त्यात नाहीच. शाळा म्हणतेय पुरात बुडालेले अकरा दिवस भरून काढायचे, दिवाळीपर्यंत प्रत्येक रविवारी यायचं. आमची पोरं पाहुण्यांकडनं आत्ता कुठं घरी आलीत. गोठ्याची भिंत पडलीय, घरातला गाळ अजून निघतोय. रविवारीच तर सगळे हाताशी असतात. मंडळानं शाळेशी बोलावं.

मास्तर (कोल्हापूर):
वहिनी, शाळेचीही अडचण आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास. नुसते तास वाढवून दिवस भरत नाहीत. आणि तासांचं म्हणाल तर दिवसाला साडेचार धरले तरी अकरा दिवसांचे पन्नासभर होतात. रोज पाऊण तास जादा घेतला तर सहासष्ट दिवस लागतील. दिवाळीच्या सुट्टीतले चार-पाच दिवस आणि शनिवार पूर्ण, असं मी मुख्याध्यापकांना सुचवणार आहे.

तात्या (न्यू जर्सी):
शनिवार पूर्ण केला तरी दिवस एकच धरला जातो ना? त्यापेक्षा आम्ही इकडून ऑनलाइन शिकवतो. गणित माझ्याकडं. फक्त सकाळी दहा नको, तेव्हा इथं रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. तुमचे संध्याकाळचे सहा चालतील.

शिक्षण समिती:
तात्या, ऑनलाइन वर्ग आमच्या समितीकडं आहेत, वेळ परस्पर ठरवू नये. शिवाय बाहेरच्यांनी घेतलेले वर्ग हजेरीपटावर येत नाहीत. त्यानं अभ्यास भरेल, दिवस नाही.

काका (शाहूपुरी):
2019 ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गल्लीतली शाळा पूरग्रस्तांचा निवारा होती. पाणी उतरल्यावरही वर्गांत माणसं होती, बाकं मैदानात. सुट्टी संपली तरी शाळा भरली नाही, ते दिवस कुणी मोजले? 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे तर दरवर्षीचं आहे. मग जूनमध्येच वेळापत्रकात पुराचे आठ दिवस राखून का ठेवत नाहीत?

मास्तर:
काका, हे पटलं. पुढच्या वर्षासाठी लेखी देऊ.

वहिनी:
पुढच्या वर्षीचं द्याच. पण हा रविवार परवावर आलाय. तात्या, सहा वाजता चालेल, समितीनं हो म्हटलं की पोरांना बसवते. आणि मास्तर, शाळेत जाल तेव्हा सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचंही विचारा. आमचं चुलीजवळ वाळवलं, तर मधली पानं एकमेकांना चिकटली, सोडवायला गेले की फाटतात. वाडीत असे नऊ जण आहेत.