मदत हवी आहे: पोस्टाची आरडी एजंट आहे, म्युच्युअल फंडाचं काम घ्यावं का?

नमस्कार. मी साताऱ्याजवळच्या गावात महिला प्रधान योजनेची आरडी एजंट आहे. या कामात येईन असं कधी वाटलं नव्हतं. मुलगी तान्ही असताना नणंदेने एजन्सी सोडली, "तू घे" म्हणाली, म्हणून घेतली. आता मुलगी दहावीत, मुलगा सहावीत.

हल्ली गिऱ्हाइकंच विचारतात, "वहिनी, एसआयपी करून द्याल का?" म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं. त्यासाठी एनआयएसएम या संस्थेची म्युच्युअल फंड वितरकांसाठीची फाइव्ह-ए परीक्षा (100 पैकी 50 ला पास) आणि मग अ‍ॅम्फीचा, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेचा, एआरएन (वितरकाचा नोंदणी नंबर) लागतो, एवढं समजलंय. परीक्षेचं काही नाही, लेकीसोबत बसेन अभ्यासाला. अडतंय ते हिशोबात. आरडीवर 4 टक्के कमिशन, म्हणजे महिन्याला 2 लाख भरले की 8 हजार. तेच 2 लाख दरमहा एसआयपीत गेले आणि ट्रेल (साठलेल्या रकमेवर मिळत राहणारं कमिशन) वर्षाला 0.8 टक्के धरलं, तर पहिल्या अख्ख्या वर्षाचे मिळून जेमतेम दहा हजार! पुढे रक्कम साठेल तसं वाढतं हे कळतं, पण क्लासची फी आत्ता भरायचीय.

दोन्ही कामं करणाऱ्या कुणी आहेत का इथे? ट्रेलवर घरखर्चाला हातभार लागायला किती वर्षं गेली? स्वतःचा एआरएन काढलात की आधी कुणा मोठ्या वितरकाच्या हाताखाली काम केलंत? आणि मार्केट पडलं की आरडीची सवय असलेल्या माणसांना काय सांगता? मला तर ती रोज दळणाला भेटतात.