काल्पनिक स्टेल्थ इंटरसेप्टर: मॅक ३ ने धाव घ्यावी की मॅक १.६ वर लपून जावे?

उंचभरारी (धागाकर्ता)

मंडळी, संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरमध्ये काल्पनिक स्टेल्थ इंटरसेप्टर (रडारला सहज न दिसणारे, शत्रूचे विमान वाटेत अडवणारे लढाऊ विमान) उडवणाऱ्यांना एक सवय लागत चालली आहे. आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून जोर वाढवणारी यंत्रणा) बंद, मॅक १.६ (आवाजाच्या १.६ पट वेग), ५०,००० फूट, आणि 'आपण दिसतच नाही' या भरवशावर लक्ष्यापर्यंत निवांत जायचे. मला हे पटत नाही. इंटरसेप्टरचे काम वेळेशी बांधलेले असते. बॉम्बर त्याच्या क्षेपणास्त्राच्या टप्प्यात पोहोचण्याआधी तुम्ही तिथे हवेत.

चर्चेसाठी विमान असे धरू: डेल्टा पंख, दोन इंजिने, शस्त्रे पोटात, कमाल मॅक ३.२, उंची ७५,००० फूट. कल्पना अगदीच हवेतली नाही. ७ ऑगस्ट १९६३ रोजी पहिल्यांदा उडालेले वायएफ-१२ हे मॅक ३ चे इंटरसेप्टरच होते आणि त्याचीही क्षेपणास्त्रे पोटातच असत.

वेग गाठताना बहुतेकांची चूक एकाच जागी होते. ३३,००० फुटांवर मॅक ०.९ ला सपाट उडत आफ्टरबर्नर लावतात आणि मॅक १.०५ ला अडकून बसतात. मॅक ०.९५ ते १.१५ या पट्ट्यात हवेचा रोध एकदम वाढतो. तिथे रेटत बसलात तर इंधन नुसतेच जळते. त्याऐवजी पूर्ण आफ्टरबर्नर लावून नाक दोन-तीन अंश खाली घ्या, थोडी उंची सोडा, मॅक १.२५ झाला की हलक्या हाताने नाक वर आणा आणि ४५० नॉट समतुल्य वेग (हवेच्या दाबावरून ठरणारा, विरळ हवेत खऱ्या वेगापेक्षा कमी भरणारा वेग) धरून चढा. एसआर-७१ या मॅक ३ च्या टेहळणी विमानाचे वैमानिक हेच करत. ४५० नॉट धरून चढलात की मॅक आपोआप वाढत जातो, ६०,००० फुटांवर तो २.५ च्या पुढे असतो. तिथून समतुल्य वेग हळूहळू सोडायचा, ७५,००० फुटांवर मॅक ३ ला तो साधारण ३७० नॉट राहतो.

शांतपंख

चढाईची पद्धत बरोबर, निष्कर्षाशी असहमत. आकडे मांडतो.

मॅक ३ म्हणजे त्या उंचीवर साधारण ८८५ मीटर प्रति सेकंद, मॅक १.६ म्हणजे ४७२. समोरून येणारे लक्ष्य २५० चे धरा. वेग वाढवताना सरासरी पाव जी (गुरुत्व त्वरणाच्या पाव पट) त्वरण मिळाले, तर मॅक ०.९ वरून मॅक ३ ला जायला सव्वाचार मिनिटे लागतात आणि १.६ ला जेमतेम दीड. लक्ष्य ३०० किमीवर सापडले, तर मॅक ३ वाला साडेपाच मिनिटांत गाठतो आणि मी सात मिनिटांत. फरक दीड मिनिटाचा! यात ३३,००० वरून ७५,००० फुटांपर्यंत चढायची ऊर्जा धरलेलीच नाही, ती धरली की हा फरकही विरघळतो.

आता वळणाचे बघा. मॅक ३ ला ४५ अंश कल दिला (विमान बाजूला तेवढे झुकवले) तर वळणाची त्रिज्या ८० किमी येते आणि अर्धे वर्तुळ पुरे व्हायला पावणेपाच मिनिटे लागतात. स्टेल्थ आकार हा मुख्यतः नाकासमोरच्या रडारसाठी घडवलेला असतो. ही पावणेपाच मिनिटे तुमची कूस नाहीतर पोट कुठल्या ना कुठल्या रडारकडे असणार. मॅक १.६ ला ६० अंश कल दिला तर त्रिज्या १३ किमी, दीड मिनिटात माघारी.

आणि उष्णता. मॅक ३ ला नाकाच्या टोकाशी, जिथे हवा पूर्ण थांबते, तिथे ३३० अंश सेल्सिअस होतात. मॅक १.६ ला ५४. कातडीतून निघणारे अवरक्त प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे इथे सुमारे दहापट. रडारपासून लपलात तरी अवरक्त शोधकाला निखाऱ्यासारखे दिसाल.

उंचभरारी

३०० किमीचा हिशोब मान्य. पण अंतर ६०० किमी करून बघा. त्याच त्वरणाने मॅक ३ वाला १० मिनिटांत, मॅक १.६ वाला १४ मिनिटांत. चार मिनिटांत बॉम्बर ६० किमी आत येतो, आणि हे ६० किमीच त्याला हवे असतात.

क्षेपणास्त्राचाही विचार करा. मॅक ३ ला सोडलेले क्षेपणास्त्र ४०० मीटर प्रति सेकंद जास्तीची शिदोरी घेऊन निघते, तेही विरळ हवेत, जिथे त्याला रोध कमी. लांबून सोडता आले की लक्ष्याच्या जवळ जावेच लागत नाही, मग तुमच्या त्या पावणेपाच मिनिटांच्या वळणाची धास्तीही कमी.

इनलेटवाला

तुम्ही दोघेही विमान मॅक ३ ला नीट उडते असे गृहीत धरून बोलत आहात. मॉडेल काळजीपूर्वक बनवलेले असेल तर तसे नसते.

इनलेटमधला (इंजिनाच्या हवा घेणाऱ्या तोंडातला) शॉक वेव्ह (दाबलहर) योग्य जागी बसलेला असेपर्यंतच इंजिनाला हवा मिळते. तो बाहेर फेकला गेला, म्हणजे अनस्टार्ट झाला, की त्या बाजूचा जोर जातो, उलट रोध वाढतो आणि नाक त्याच बाजूला झटक्यात फिरते. कारणे ठरलेली: मॅक २.५ च्या वर थ्रॉटल धाडकन मागे ओढणे, वळताना नाक जास्त वर खेचणे, किंवा इनलेट मॅन्युअलवर ठेवून त्याच्या तोंडाशी असलेला सरकता शंकू चुकीच्या जागी ठेवणे. एसआर-७१ चा शंकू मॅक १.६ पासून मागे सरकायला लागतो आणि पूर्ण वेगापर्यंत २६ इंच मागे जातो. मॅक २ ला तो अजून पुढेच उभा दिसला तर वेग वाढवू नका.

अनस्टार्ट झालाच तर आधी नाक थोडे खाली, मग शंकू पूर्ण पुढे आणि बायपास दारे (जादा हवा बाहेर सोडणारी) उघडी. जोर परत आला की शंकू हळूहळू मागे. रडरवर पाय देऊन झटका मारायचा मोह आवरा, कारण दुसऱ्या इनलेटमध्ये हवा तिरकी शिरते आणि तोही जातो.

याहून जास्त विमाने इंधनामुळे पडतात. स्वनातीत वेगात उत्थापनाचे केंद्र मागे सरकते. इंधन मागच्या टाकीत नेले नाही, तर नाक वर धरण्यासाठी एलेव्हॉन (डेल्टा पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) सतत वर राहतात आणि रोध वाढतो. कॉंकॉर्डमध्ये याच कारणासाठी सुमारे २० टन इंधन मागे पंप करत. मागे न्यायचे बहुतेकांच्या लक्षात राहते, परत पुढे आणायचे राहून जाते. वेग कमी करताना मॅक १.५ च्या आत इंधन पुढे आलेले नसेल, तर स्वनाखाली येताच नाक आपोआप वर उचलले जाते आणि स्टिक पूर्ण पुढे करूनही खाली येत नाही. वेग कमी करायला सुरुवात करण्याआधीच पंप चालू करा.

टेबलतपासनीस

वेग की लपणे या वादाच्या आधी तुमच्या मॉडेलमध्ये दोन्हींची किंमत मोजली जाते का ते बघा. नसेल तर कोणताही निष्कर्ष फुकाचा.

डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरसाठी बनवलेल्या विमानाच्या लुआ फाइलमध्ये (विमानाची माहिती असलेल्या फाइलमध्ये) आरसीएस (विमान रडारला किती मोठे दिसते ते, चौरस मीटरमध्ये) हा एकच आकडा असतो. उष्णतेसाठी दोन गुणक असतात, आफ्टरबर्नरविना एक आणि आफ्टरबर्नरसह एक. कातडी किती तापली याला तिथे जागाच नाही. शांतपंख यांचा दहापटीचा मुद्दा प्रत्यक्षात खरा आहे, पण अशा मॉडेलमध्ये मॅक ३ ला त्याचा काही दंड बसत नाही. कूस वळवल्याचाही नाही.

आरसीएसचा तो आकडाही लोक मनाला येईल तसा टाकतात. रडारचा पल्ला आरसीएसच्या चौथ्या मुळाप्रमाणे बदलतो. आकडा दहा हजारपट कमी केला की पल्ला एक दशांश होतो, दहापट कमी केला तर ५६ टक्के उरतो. म्हणजे ५ चौरस मीटरचे ०.५ केले तर रडारपासून लपल्याचे समाधान फार मानू नका.

फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमधले, जेएसबीसिम या उड्डाण-गणिताच्या प्रणालीवर चालणारे विमान असेल तर इंजिनाची एक्सएमएल फाइल उघडा. जोराचे टेबल मॅक आणि उंचीवर बांधलेले असते, आणि टेबल संपले की शेवटचाच आकडा पुढे कायम राहतो. टेबल ६०,००० फुटांवर संपत असेल आणि शेवटच्या रकान्यात शून्य नसेल, तर त्यापुढे हवा विरळ होत जाते, रोध घटतो, पण जोर तसाच राहतो. काल्पनिक विमाने मॅक ५-६ ला पोहोचल्याची चित्रे दिसतात त्यामागे कित्येकदा हेच असते. टेबल ९०,००० फुटांपर्यंत वाढवा आणि आकडे हवेच्या घनतेच्या प्रमाणात उतरवा. मॅकच्या बाजूनेही ३.२ नंतर जोर झपाट्याने पाडा. एसआर-७१ ला कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ४२७ अंश सेल्सिअसची मर्यादा होती, ८०,००० फुटांवर मॅक ३.२ ला हवा ४०० पर्यंत तापते. एवढीच फट शिल्लक असते.

स्थिरहात

ऑटोपायलटबद्दल कुणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. मॅक ३ ला नाक एक अंश वर गेले की चढण्याचा वेग मिनिटाला ३,००० फूट होतो. एक अंश म्हणजे जॉयस्टिकवर अंगठा टेकल्याइतके. कमी वेगासाठी जुळवलेला उंची-होल्ड (ऑटोपायलटचा उंची कायम राखणारा प्रकार) तिथे आधी ३०० फूट वर जातो, मग ५०० फूट खाली, आणि प्रत्येक हेलकावा मोठा होत जातो. सिमचा वेग चौपट केला असेल तर हे आणखी लवकर होते.

म्हणून मॅक २.५ च्या वर उंची-होल्ड सोडा आणि पिच-होल्ड (नाकाचा कोन कायम राखणारा) लावा, अर्ध्या अंशाच्या टप्प्यांनी. जॉयस्टिकच्या पिच अक्षाचा वक्र मध्यभागी बोथट करा, म्हणजे थोड्या हालचालीने नाक कमी हलेल. सिमचा वेग एकपटच ठेवा.

शांतपंख

टेबलतपासनीस यांचे म्हणणे मान्य, मी यापुढे मॉडेल तपासूनच तुलना करेन. पण ६०० किमीच्या मुद्द्यावर अजून अडतो. उंचभरारी, तुम्ही लक्ष्याजवळ मॅक ३ नेच पोहोचता. शस्त्रांची दारे त्या वेगाला उघडलीत तर नीट मॉडेलमध्ये विमान हादरते आणि आरसीएसही वाढतो. त्यामुळे पुष्कळ जण 'आधी मॅक ३, शेवटी मॅक १.६' असा मधला मार्ग सुचवतात.

तोही मोजून बघा. इनलेट सांभाळत वेग कमी करायचा म्हणजे ०.१५ जी पेक्षा जास्त मंदन मिळणे अवघड. मॅक ३ वरून १.६ ला यायला पावणेपाच मिनिटे आणि १९० किमी. वेग वाढवतानाचे १४५ किमी त्यात मिळवा, आणि तेवढ्या वेळात लक्ष्य पुढे आलेले १३३. बेरीज साधारण ४७० किमी. लक्ष्य याहून जवळ सापडले तर मॅक ३ गाठण्याआधीच थ्रॉटल मागे घ्यायची वेळ येते.

उंचभरारी

४७० चा आकडा मान्य, वेग कमी करायचाच असेल तर. मी करत नाही. मॅक २.८ ला उतरून दारे उघडतो, क्षेपणास्त्र सुटताच बंद करतो आणि ३० अंश कलाने वळतो. त्रिज्या ८० किमीहून मोठी येते हे ठाऊक आहे, पण नाक जास्त खेचावे लागत नाही आणि इनलेट शांत राहतो. लक्ष्य ४७० च्या आत असेल तेव्हा तुमचे मॅक १.६. त्याच्या बाहेर असेल तर माझा हट्ट कायम.